तीन ओळींची जाहिरात आणि दलालाचे काम

कापडाच्या धंद्यात ओळख हे निम्मे भांडवल समजले जाते. मालेगाव किंवा भिवंडीचा कारखानदार मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटमधील पेढीला ग्रे कापड विकतो, तेव्हा पुष्कळदा दोघांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसते. सौदा होतो तो दलालाच्या जबानीवर. दलाल कापडाचा नमुना घेऊन पेढीवर जातो, सूत कोणते, रीड-पिक किती, पन्हा किती हे सांगतो, भाव ठरवून देतो आणि माल पोचल्यावर पैशासाठी तगादाही लावतो. त्याबद्दल त्याला दलाली मिळते. ही दलाली बऱ्याच जणांच्या डोळ्यांत खुपते. मग कोणीतरी सुचवतो, पेपरात छोटी जाहिरात दे, नाहीतर मोबाईलवर फुकट टाक, गिऱ्हाईक सरळ तुझ्या दारात येईल.

सूचना वाईट नाही. जुना माग, कांडी मशीन, शिलाई मशीन, गाळा, पडून राहिलेला कटपीस, हंगामापुरते कारागीर अशा गोष्टींसाठी छोट्या जाहिरातीसारखे स्वस्त साधन दुसरे नाही. परंतु एक गोष्ट आपले बांधव विसरतात. दलाली वाचली तरी दलालाचे काम वाचत नाही. माल काय आहे हे समोरच्याला नेमके सांगणे, समोरचा कोण आहे हे तपासणे आणि पैसे हाती येईपर्यंत माल धरून ठेवणे, ही सारी कामे जाहिरात देणाऱ्याच्या अंगावर येतात. पहिले काम जाहिरातीच्या मजकुरात होते. बाकीचे फोन वाजल्यावर सुरू होते, आणि नुकसान बहुधा तिथेच होते.

छोटी जाहिरात ही नवी चीज नव्हे. टाइम्स ऑफ इंडिया हा पेपर ३ नोव्हेंबर १८३८ रोजी मुंबईत सुरू झाला तेव्हा त्याचे नावच 'बॉम्बे टाइम्स अँड जर्नल ऑफ कॉमर्स' असे होते. लंडनच्या 'द टाइम्स'ने ३ मे १९६६ रोजी पहिल्या पानावर बातम्या घ्यायला सुरुवात केली. तोवर ते पान छोट्या जाहिरातींचे असे. पुढे १९९५ मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे क्रेगलिस्ट निघाली आणि ज्या जाहिरातीला पेपर शब्दागणिक पैसे घेत असे ती संगणकावर फुकट लागू लागली. आपल्याकडे २००६ मध्ये ओएलएक्स, २००८ मध्ये क्विकर आणि २०१७ मध्ये फेसबुकचे मार्केटप्लेस आले. ओएलएक्सचा भारतातील कारभार २०२३ मध्ये कारट्रेड टेक या कंपनीने विकत घेतला. पेपरातील छोट्या जाहिरातींची पाने यामुळे आटली, पण संपलेली नाहीत. घर, गाळा, नोकरी, नावात बदल आणि जाहीर नोटीस यांसाठी लोक अजून पेपरच उघडतात.

आता मजकुराकडे येऊ. पुढील जाहिरात पाहा. अशा जाहिराती आपण रोज वाचतो.

'उत्तम स्थितीतील यंत्रमाग योग्य किमतीत त्वरित विकणे आहे. इच्छुकांनी संपर्क साधावा.'

अकरा शब्द झाले आणि घेणाऱ्याला काहीच कळले नाही. माग किती, किती इंची, कोणत्या मालावर चालतात, कोणत्या गावी आहेत, मोटर आहे की नाही, यातले एकही उत्तर नाही. 'उत्तम' हा शब्द प्रत्येकजण लिहितो, म्हणून त्याला किंमत उरलेली नाही. 'इच्छुकांनी संपर्क साधावा' हे तीन शब्द निव्वळ पैसे फेकणे आहे. जो इच्छुक नाही तो फोन करणार नाही, आणि जो आहे त्याला तसे सांगावे लागत नाही. सर्वांत महाग शब्द 'त्वरित' हा होय. तो वाचताच घेणाऱ्याला कळते की विकणारा अडचणीत आहे. जाहिरातदार त्या शब्दाचे पैसे पेपरला देतो आणि वर भावातही मार खातो.

हीच जाहिरात अशी लिहिता येते:

'५२ इंची साधे माग आठ, कॅम्ब्रिकवर चालू, मालेगाव. मोटरसह. एकत्रच देणे. चालू पाहून घ्या, शुक्रवार सोडून, ११ ते ५.'

हे एकोणीस शब्द आहेत. आठ शब्द जास्त गेले, परंतु ज्याला ४४ इंची माग हवे आहेत तो फोन करणार नाही, ज्याला दोनच हवे आहेत तो करणार नाही, आणि जो करील तो निम्मा ठरवूनच करील. शुक्रवारी मालेगावचे कारखाने बंद असतात, त्या दिवशी आलेल्या माणसाला माग चालताना कसा दिसणार? म्हणून ते दोन शब्द. 'चालू पाहून घ्या' हे वाक्य शंभर वेळा 'उत्तम' लिहिण्यापेक्षा भारी आहे, कारण लबाड विकणारा ते लिहीतच नाही.

कापडाचेही तसेच. 'ग्रे कॅम्ब्रिक, ताणा-बाणा ६०, ९२ बाय ८८, पन्हा ४८' एवढे वाचले की पेढीवर बसलेल्या माणसाला तुकडा डोळ्यांसमोर दिसतो. मालात ऐब असेल, ताक्यात जोड असतील, डाग असतील तर 'सेकंड' असे लिहून टाकावे. ऐब सांगून माल विकावा ही आपल्या बापजाद्यांची रीत आहे, आणि धंद्याच्या हिशोबानेही तीच फायद्याची. सेकंड माल घेणारे गिऱ्हाईकच वेगळे असते. ते सेकंड शोधतच जाहिराती वाचते. त्याला खरे सांगितले तर सौदा एका भेटीत होतो. लपवले तर माल भाड्यासकट परत येतो.

किंमत लिहावी की नाही यावर बाजारात दोन मते आहेत. माझे मत असे की जुन्या यंत्राची किंमत लिहावी आणि कापडाची लिहू नये. यंत्राची किंमत महिनाभर तीच राहते, आणि ती लिहिल्याने निव्वळ चौकशी करणाऱ्यांचे फोन वाचतात. कापडाचा भाव सुताबरोबर हलतो. सोमवारी दिलेला भाव जाहिरात छापून येईपर्यंत शिळा होतो आणि मग गिऱ्हाईक त्याच भावाला अडून बसते.

पैसे कसे मोजले जातात तेही समजून घ्यावे. साध्या छोट्या जाहिरातीला काही पेपर शब्दांवर दर लावतात, काही ओळींवर. ठराविक शब्दांपर्यंत किमान आकार असतो आणि पुढे प्रत्येक शब्दाला ज्यादा. ठळक अक्षर, चौकट, रंग यांचे पैसे वेगळे. चित्र किंवा दुकानाचे बोधचिन्ह घालायचे असेल तर जाहिरात चौरसावर जाते. त्यात स्तंभांची संख्या गुणिले सेंटीमीटरमधील उंची असा हिशोब असतो. दोन स्तंभ रुंद आणि पाच सेंटीमीटर उंच म्हणजे दहा स्तंभ-सेंटीमीटर. जाहिरात एजन्सीकडून दिली म्हणजे महाग पडेल असे अनेकांना वाटते, परंतु मान्यताप्राप्त एजन्सीला तिचे कमिशन पेपरकडून मिळते आणि ते साधारण १५ टक्के असते. म्हणून एजंटाने आपल्याकडून छापील दरापेक्षा जास्त मागितले तर पेपरचे दरपत्रक दाखवायला सांगावे.

मी उर्दू माध्यमात शिकलो, त्यामुळे जाहिरात लिहिताना हात आधी उर्दूकडे जातो. पण शब्दांवर दर असेल तेथे उर्दू आणि हिंदी महाग पडतात. 'मालेगाव में' हे दोन शब्द होतात, मराठीत 'मालेगावात' हा एकच. का, की, के, में, से हे उर्दूत सुटे लिहिले जातात आणि पेपरवाला त्यांचेही पैसे मोजतो. मराठीत ते शब्दालाच चिकटतात. तीस शब्दांच्या जाहिरातीत चार-पाच शब्द असेच वाचतात. (उर्दू पेपर कातिबांच्या हाताने लिहिले जात त्या काळी जाहिरातीतील आकडे स्वतः जाऊन तपासावे लागत. नव्वदच्या दशकात इनपेज हे सॉफ्टवेअर आल्यापासून ती दगदग कमी झाली. पण फोन नंबर छापण्यापूर्वी एकदा मोठ्याने वाचून घ्यावा, हा नियम आजही कायम आहे.)

भाषेची निवड मात्र शब्दांच्या बचतीवर करू नये. येथे आपल्या लोकांची हमखास चूक होते. आपण जो पेपर वाचतो त्यात जाहिरात देतो, गिऱ्हाईक जो वाचते त्यात देत नाही. मागावर कारागीर पाहिजे असेल तर उर्दू पेपर बरोबर आहे, कारण मालेगाव-भिवंडीचा कारागीर तोच वाचतो किंवा चहाच्या हॉटेलात कोणाकडून तरी वाचून घेतो. मुंबईत 'इन्किलाब' १९३८ पासून निघतो, त्याचा वाचक कोण हे सांगायला नको. परंतु जुने माग विकायचे असतील तर घेणारा इचलकरंजीचाही असू शकतो, आणि तो कोल्हापूरकडील मराठी पेपर वाचतो. बुऱ्हाणपूरच्या गिऱ्हाइकासाठी हिंदी किंवा उर्दू. मुंबईच्या गुजराती कापड व्यापाऱ्याला गाठायचे असेल तर १८२२ पासून चालू असलेला 'मुंबई समाचार' आहे. एकाच पेपरात चार दिवस जाहिरात देण्याऐवजी दोन भाषांत दोन-दोन दिवस दिली तर बहुधा जास्त फोन येतात.

कारागिरांच्या जाहिरातीविषयी एकच सांगतो. 'कुशल कारागीर पाहिजेत, चांगला पगार' असे लिहून चांगला कारागीर येत नाही, कारण त्याला आधीच काम असते. तो आपले काम सोडून यावा असे वाटत असेल तर काम कोणते, नगावर की महिन्यावर, राहण्याची सोय आहे की नाही आणि मजुरी दर आठवड्याला मिळणार का, हे चार खुलासे द्यावेत. जरीकाम, आरीकाम, मागावरचा जॉबर, शिलाई, प्रत्येकाचा हिशोब निराळा असतो. आणि मालेगावात ही जाहिरात गुरुवारी छापून यावी, म्हणजे शुक्रवारच्या सुट्टीत माणूस विचारपूस करायला मोकळा असतो.

जुन्या काळी नाव उघड करायचे नसेल तर बॉक्स नंबर मिळत असे. उत्तरे पेपरच्या कार्यालयात त्या नंबरावर येत आणि आपण ती घेऊन येत असू. फोन नसलेले लोक शेजाऱ्याचा पीपी नंबर देत. आज मोबाईल आला आणि आडपडदा गेला. म्हणून जाहिरातीसाठी वेगळे सिमकार्ड ठेवावे. घरचा नंबर, विशेषतः ज्या नंबरावर बँकेचे संदेश येतात तो, जाहिरातीत कधीही देऊ नये.

मोबाईलवरील जाहिरातीचा मोठा फायदा म्हणजे फोटो आणि जागेची मुभा. शब्दांचे पैसे नसल्याने लोक तिथे वाटेल तसे लांबण लावतात, हे मात्र बरोबर नाही. वर सांगितलेला एकोणीस शब्दांचा मजकूर तिथेही पहिल्या ओळीत हवा, तपशील त्याखाली. फोटो कारखान्यातला, खरा आणि आजचा असावा, दुसरीकडून उचललेला नको. मागाचा एक पूर्ण फोटो, एक बनावटीच्या पट्टीचा, एक चालू असतानाचा, एवढे पुरे. वस्तू विकली गेली की जाहिरात उतरवावी, नाहीतर सहा महिने फोन येत राहतात.

फोन आला म्हणजे गिऱ्हाईक आले असे नव्हे. पहिला फोन ऐकूनच पुष्कळ कळते. मागाच्या जाहिरातीवर ज्याचा पहिला प्रश्न वजनाचा असतो तो भंगारवाला समजावा. तो माग चालवायला घेणार नाही, किलोवर तोडायला घेणार आहे, आणि त्याच भावात बोलणार. ज्याने इंच विचारले, कोणत्या सुतावर चालतात हे विचारले, तो कारखानदार. आणि ज्याने काहीच विचारले नाही, भावही केला नाही, माल पाहायला येतो असेही म्हटले नाही, उलट 'पसंत आहे, ऍडव्हान्स पाठवतो' असे पहिल्याच फोनवर सांगितले, तिथे सावध व्हावे. जुने यंत्र न पाहता, न घासाघीस करता घेणारा माणूस आपल्या धंद्यात जन्माला आलेला नाही.

या शेवटच्या प्रकाराची रीत ठरलेली आहे. फोन करणारा आपण लष्करात आहोत किंवा बाहेरगावी बदलीवर आहोत असे सांगतो. भरवसा बसावा म्हणून कोणाच्या तरी ओळखपत्राचा फोटोही पाठवतो. मग म्हणतो, पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका. पिन टाकताच पैसे येत नाहीत, जातात. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाले तेव्हापासून नियम एकच आहे: पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही आणि दुसऱ्याचा कोडही स्कॅन करावा लागत नाही. पिन म्हणजे गल्ल्याची किल्ली. ती फक्त पैसे बाहेर काढताना लावायची असते. घरातील मुलांना, दुकानातील नोकराला, शिलाईचे काम घेणाऱ्या आपल्या भगिनींना हे समजावून सांगावे, कारण फोन नेमका त्यांनी उचललेला असतो.

दुसरा प्रकार पैसे भरल्याची पावती दाखवण्याचा. मोबाईलवर पैसे गेल्याचा फोटो दाखवला जातो, बँकेसारखा दिसणारा संदेशही येतो, आणि माल गाडीत चढतो. फोटो आणि संदेश दोन्ही बनवता येतात. आपल्या बँकेच्या खात्यात रक्कम जमा झालेली आपण स्वतः पाहिल्याशिवाय माल उंबऱ्याबाहेर जाऊ देऊ नये. गिऱ्हाईक तोंड वाकडे करील तर करू द्यावे. जो खरा आहे तो पाच मिनिटे थांबतो.

आपण घेणारे असलो तर हाच सापळा उलटा लागतो. निम्म्या किमतीत सूत, निम्म्या किमतीत मशीन, फोटो सुरेख, आणि मागणी एवढीच की गाडीभाडे आधी पाठवा. ते पाठवले की दुसरे काही तरी निघते, टॅक्स, विमा, पॅकिंग. सुताचा बाजारभाव दोन फोनवर कळतो. त्या भावाच्या फार खाली जो देतो त्याच्याकडे एकतर माल नाही किंवा तो माल त्याचा नाही.

पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नये. १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असतात तोवर ते बँकेत अडवता येतात, म्हणून येथे तासांचा हिशोब असतो. फोननंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि आपल्या बँकेलाही लेखी कळवावे. पेपरात अगर ऍपवर जाहिरात होती म्हणून पेपरवाला भरून देईल या भ्रमात राहू नये. मजकुराची खात्री वाचकाने स्वतः करून घ्यावी, अशी सूचना बारीक अक्षरात जाहिरातींच्या पानावर छापलेली असते.

घाऊक मालाचे प्रकरण याहून नाजूक आहे, कारण तिथे फसवणारा घाईत नसतो. १९९६ मध्ये सुरू झालेल्या इंडियामार्टसारख्या ठिकाणी आपण मालाची माहिती टाकतो आणि परगावच्या पार्टीची चौकशी येते. ध्यानात ठेवावे की एकच चौकशी अनेक विक्रेत्यांकडे जाते, म्हणून भावात लगेच खाली येऊ नये. पार्टी प्रथम दोन गाठी रोखीने उचलते. दुसऱ्या वेळी चार, तेही पैसे वेळेवर. तिसऱ्या वेळी सणाच्या तोंडावर चाळीस गाठी उधार मागते, माल ट्रान्सपोर्टच्या गोदामातूनच उतरवून घेते आणि महिन्याने दुकानाला कुलूप दिसते. सुरतेच्या बाजारात याला 'उठमणा' म्हणतात. दलाल असता तर त्याने सांगितले असते की ही पेढी सहा महिन्यांची आहे आणि बाजारात आणखी कोणाकोणाचे देणे ठेवून आहे.

ते आता आपण पाहायचे. निदान एवढे तरी करावे: पार्टीचा जीएसटी नंबर मागावा. त्यात पंधरा अक्षरे-आकडे असतात. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, गुजरातचे २४, तमिळनाडूचे ३३. पुढची दहा अक्षरे म्हणजे मालकाचा किंवा पेढीचा पॅन. त्या पॅनमधले चौथे अक्षर, म्हणजे पूर्ण नंबरातले सहावे, पी असेल तर धंदा एका माणसाच्या नावावर, एफ असेल तर भागीदारी पेढी, सी असेल तर कंपनी. पार्टी स्वतःला 'प्रायव्हेट लिमिटेड' म्हणते आणि सहावे अक्षर पी निघते, तर पुढे बोलायची गरज नाही. हा नंबर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकला की नोंदणीची तारीख, नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे कोणालाही फुकट पाहता येते. नोंदणी चार महिन्यांपूर्वीची आणि मागणी चाळीस गाठींची, हा मेळ बसत नाही. माल त्या नोंदणीतील पत्त्यावरच पाठवावा, फोनवर सांगितलेल्या दुसऱ्या गोदामावर नको. शिवाय त्याच बाजारातील एखाद्या जुन्या दुकानदाराला फोन करून विचारावे. यात कमीपणा नाही, पूर्वीही पेढ्या असेच विचारीत.

नव्या पार्टीसाठी जुनी बँकेची पद्धत अजून उपयोगी आहे. माल ट्रान्सपोर्टला घालायचा, बिल्टी 'सेल्फ' म्हणजे आपल्याच नावाची करायची आणि ती बिलासकट बँकेमार्फत पार्टीच्या गावी पाठवायची. पार्टी बँकेत पैसे भरील तेव्हा बिल्टी तिच्या हाती येईल आणि ती दाखवल्यावरच माल सुटेल. तरुण मंडळींना हे जुनाट वाटते. पण ओळख नसलेल्या माणसाशी उधारीवर व्यवहार करण्यापेक्षा हे चार दिवस जास्त लागलेले बरे. ट्रान्सपोर्टवाल्याला मात्र मूळ बिल्टीशिवाय माल सोडू नये असे लेखी सांगून ठेवावे, कारण ओळखीच्या हमालाकडून माल सुटल्याची उदाहरणे आहेत.

आखातातील कामाच्या जाहिरातींविषयी येथे दोन शब्द लिहिणे जरूर वाटते, कारण आपले टेलर, भरतकाम करणारे, सुतार, वेल्डर या जाहिराती आशेने वाचतात. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परदेशी कामासाठी माणसे भरती करणाऱ्या एजंटाला सरकारी नोंदणी घ्यावी लागते. जाहिरातीत नोंदणी क्रमांक नसेल, फक्त मोबाईल नंबर आणि 'मुलाखत अमुक हॉटेलात' एवढेच असेल, तर जाऊ नये. क्रमांक असेल तर तो सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासावा. दुसऱ्याचा क्रमांक छापणारेही असतात, म्हणून पोर्टलवर दिलेल्या पत्त्यावर जाऊनच बोलावे, आणि पासपोर्ट अगर पैसे देताना पावती घ्यावी. पर्यटकाच्या व्हिसावर 'तिकडे गेल्यावर बदलून देऊ' असे कोणी म्हणाला तर उठून यावे.

राहिली ती एक छोटी जाहिरात, जी गिऱ्हाईक आणत नाही, परंतु न दिल्यास घर विकायची पाळी आणू शकते. ती म्हणजे भागीदारी सुटल्याची जाहीर नोटीस. आपल्याकडे भावाभावांच्या, मामा-भाच्यांच्या पेढ्या असतात. मन बिघडले किंवा मुले मोठी झाली की चार वडीलधारी बसतात, हिशोब होतो, एकजण बाहेर पडतो आणि सगळे समजतात की भागीदारी मिटली. घरापुरती ती मिटते. कायद्यात मिटत नाही. भारतीय भागीदारी कायदा, १९३२ याच्या ३२ व्या कलमाप्रमाणे भागीदार बाहेर पडला तरी जाहीर नोटीस दिली जाईपर्यंत बाहेरच्या लोकांसाठी तो भागीदारच राहतो. त्याच्या मागे पेढीने सूतवाल्याकडून उधार उचलले आणि तो सूतवाला त्याला भागीदार म्हणून ओळखत असला, तर वसुलीसाठी तो त्याच्याही दारात येऊ शकतो. पेढीच मोडली असेल तर ४५ व्या कलमात असाच नियम आहे.

नोटीस कशी द्यावी ते ७२ व्या कलमात आहे. सरकारी राजपत्रात आणि पेढीचे मुख्य ठिकाण ज्या जिल्ह्यात असेल तिथे खपणाऱ्या निदान एका देशी भाषेतील वृत्तपत्रात ती प्रसिद्ध व्हावी लागते. पेढी नोंदणीकृत असेल तर याशिवाय रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडेही कळवावे लागते. फक्त इंग्रजी पेपरात दिलेली नोटीस या कामी पुरत नाही, मग तो पेपर कितीही मोठा असो. बाकीचे भागीदार टाळाटाळ करीत असतील तर बाहेर पडलेला भागीदार स्वतः नोटीस देऊ शकतो, त्यांच्या सहीसाठी थांबण्याचे कारण नाही. नोटिशीने पुढचे देणे थांबते, मागचे नाही. तो असताना झालेल्या उधारीसाठी सावकाराशी आणि राहिलेल्या भागीदारांशी वेगळा करार करून सुटका घ्यावी लागते.

मजकुरात पेढीचे नाव, पत्ता, कोण आणि कोणत्या तारखेपासून बाहेर पडला, एवढे स्पष्ट असावे, भांडणाचे कारण लिहू नये. मजकूर वकिलाकडून पाहून घ्यावा. नोटीस छापून आली की तिची एक-एक प्रत बँकेला, सूतवाल्यांना आणि नेहमीच्या देणेकऱ्यांना स्पीड पोस्टाने पाठवावी आणि पोस्टाच्या पावत्या राखून ठेवाव्यात. पेपराचे कात्रण नव्हे, पूर्ण पान जपावे, म्हणजे वर पेपरचे नाव आणि तारीख दिसते. राजपत्राची प्रतही त्याच फाइलमध्ये, आणि ती फाइल पेढीत न ठेवता बाहेर पडणाऱ्याने आपल्या घरी ठेवावी.